पोहता येतं, पण बाहेर येता येतं का?

कुत्र्याला पोहायला शिकवावं लागत नाही, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की लोणावळ्याच्या किंवा अलिबागच्या बंगल्यावर सुटीला गेल्यावर घरचा म्हातारा लॅब्रॅडॉरही बिनधास्त पूलकडे सोडला जातो. पाण्यात पडल्यावर पाय मारण्याची उपजत हालचाल बहुतेक कुत्र्यांत असते, हे खरं. पण नुसते पाय मारल्याने कुणी तरंगत नाही. बुलडॉग, पग, डॅक्सहुंड अशा जड डोक्याच्या किंवा आखूड पायांच्या जातींची तर लवकर दमछाक होते. आणि ज्याला उत्तम पोहता येतं त्याचीही खरी अडचण बाहेर येताना होते. नदीचा किंवा तळ्याचा काठ उतरता असतो. पोहता पोहता पायाला तळ लागतो आणि कुत्रा चालतच वर येतो. पूलची भिंत सरळ, टाइल्स गुळगुळीत आणि काठ बहुधा पाण्याच्या थोडा वर. कुत्रा पुढचे पंजे काठावर टेकतो, पण मागच्या पायांना रेटा द्यायला खाली काहीच नसतं. मग तो भिंतीलगत फिरत राहतो आणि दमतो. स्टीलची उभी शिडी माणसासाठी आहे, कुत्र्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

दुसरा समज असा की पाण्यात सांध्यांवर भार येत नाही, म्हणून संधिवात झालेल्या कुत्र्याला पूल निर्धोक. यातला अर्धा भाग अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच पशुवैद्य पाण्यातला व्यायाम सुचवतात. मात्र मोजमापं पाहिली की उरलेला अर्धा भाग समोर येतो. पाण्यात उभ्या केलेल्या कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात, पाणी खुब्यापर्यंत असताना पायांवर शरीराच्या वजनाचा सुमारे ३८ टक्के भार येत होता. गुडघ्यापर्यंत असताना ८५ टक्के आणि मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत असताना ९१ टक्के. म्हणजे पूलच्या तीन-चार पायऱ्या चढेपर्यंत पाण्याने उचललेलं जवळजवळ सगळं वजन परत अंगावर येतं, तेही ओल्या, निसरड्या पायरीवर आणि पोहून दमलेल्या पायांवर. चढताना जोर लावतात ते मागचे पाय, आणि खुब्याच्या दुखण्याने म्हातारपणी नेमके तेच कमजोर झालेले असतात. पाण्याचा फायदा हवा असेल, तर या शेवटच्या चार पावलांची सोय आधी करायला हवी.

पायऱ्या आहेत, त्याला सापडतील, असं म्हणून भागत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याची नजर अधू असू शकते, काहींना वयोमानाने दिशेचं भानही राहत नाही. शिवाय कुत्र्याला प्रामुख्याने निळ्या आणि पिवळ्या छटाच वेगळ्या ओळखता येतात. निळ्या टाइल्सच्या पूलमध्ये निळी पायरी त्याला उठून दिसत नाही. तिथे पिवळी, न घसरणारी चटई घट्ट बसवली तर खूण पटते. आपली एक चूक तर सर्रास होते: मालक समोरच्या काठावर उभा राहून हाका मारतो, आणि कुत्रा पायरी सोडून थेट त्या भिंतीकडे पोहत जातो. हाक मारायची ती पायरीपाशी उभं राहूनच.

यावर कुणी म्हणेल, लाइफ जॅकेट आहे, रॅम्पही विकत मिळतो, मग अडचण काय? जॅकेट त्याला तरंगतं ठेवतं, बाहेर काढत नाही. त्याचा मोठा गुण म्हणजे पाठीवरची मूठ, जिला धरून आपल्याला आधार देता येतो. रॅम्प उत्तम, पण आयत्या वेळी पाण्यात सोडलेली हलती फळी पाहून कुत्रा बिचकतो. रॅम्प आधी जमिनीवर ठेवून कुत्र्याला त्यावर चालवावं, मग जॅकेट घालून रॅम्पपासून हातभर अंतरावरून आणि पुढे पूलच्या प्रत्येक बाजूने तिथवर येण्याचा सराव द्यावा. उचलायची वेळ आलीच तर पट्ट्याला किंवा पुढच्या पायांना धरून ओढू नये. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांखाली. कुत्रा जड असेल तर पोटाखालून टॉवेल घालून दोघांनी उचलावं.

एवढ्या खटपटीपेक्षा म्हाताऱ्या कुत्र्याला पाण्यात नेऊच नये, हा आक्षेप काही कुत्र्यांच्या बाबतीत मी पूर्ण मान्य करते. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरमध्ये स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडण्याचा विकार आढळतो. त्यात पोहताना पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. भुंकणं घोगरं झालं असेल, श्वासाला घरघर लागली असेल, तर पशुवैद्याने तपासल्याशिवाय पोहणं नको. पण पूल असलेल्या घरात राहणारा कुत्रा पोहण्यासाठीच पाण्यात जातो असं नाही. कमी दिसणारा, तोल जाणारा कुत्रा काठावरून पडूही शकतो, आणि तेव्हा बाहेरची वाट ठाऊक असणं हाच त्याचा बचाव असतो. म्हणून न पोहणाऱ्यालाही ती वाट शिकवा. लक्ष ठेवायला माणूस नसेल तेव्हा पूलचं फाटक बंद ठेवा. वर अंथरलेल्या सैल ताडपत्रीवर विसंबू नका, कारण ती कुत्र्याचं वजन पेलत नाही आणि तो तिच्याखाली अडकतो.