संमिश्र पदार्थांत कण वाढले की रेझिन का अडखळते?

बेंगळुरू : विमानाचा पंख हलका असावा, पण तो भक्कमही असावा, या अपेक्षेतून कार्बन तंतू आणि बहुवारिक म्हणजेच पॉलिमर यांच्या संमिश्र पदार्थांचा वापर वाढला. ‘तेजस’ या लढाऊ विमानाच्या सांगाड्याच्या वजनात अशा पदार्थांचा वाटा सुमारे 45 टक्के आहे. मात्र, संमिश्राची ताकद वाढवण्यासाठी त्यात सूक्ष्म कण मिसळले की ते घडवणे कठीण होते. या पेचाचे मूळ द्रवाच्या वाहण्यात आहे.

बेंगळुरू येथील नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने (एनएएल) विकसित केलेल्या ‘व्हेरिटी’ या तंत्राचा उपयोग ‘सारस’ या 14 आसनी विमानाच्या पंखासाठी करण्यात आला. या पद्धतीत साच्यावर कार्बन तंतूंचे कोरडे कापड अंथरतात, त्यावर हवाबंद आवरण घालतात आणि निर्वाताच्या ओढीने पातळ रेझिन आत खेचतात. रेझिन घट्ट होण्यापूर्वी ते प्रत्येक तंतूपर्यंत पोहोचणे आवश्यक असते. ते कुठे पोहोचले नाही, तर आत कोरडी जागा किंवा पोकळी राहते. वरून न दिसणारा हा दोष भार पडल्यावर तडा जाण्याचे निमित्त ठरू शकतो.

द्रवाच्या वाहण्यास होणाऱ्या अंतर्गत विरोधाला श्यानता म्हणतात. त्यात कण मिसळल्यास ती किती वाढते, याचे पहिले गणित अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी 1906 मध्ये मांडले. त्यात चूक राहिली होती. ती त्यांनी 1911 मध्ये सुधारली. सुधारित सूत्रानुसार, कणांनी मिश्रणाच्या आकारमानाचा जेवढा भाग व्यापला असेल, त्याच्या अडीचपट प्रमाणात श्यानता वाढते. म्हणजे 2 टक्के कणांमुळे वाढ केवळ 5 टक्के होते.

हा हिशेब विरळ मिश्रणापुरताच खरा ठरतो. यात्रेच्या वाटेवर माणसे तुरळक असतील, तर प्रत्येकाला बाजूने निघून जाता येते. गर्दी वाढली की एकाच्या थांबण्याने अनेकांना थांबावे लागते. कणांचेही तसेच आहे. गोलाकार कणांचे प्रमाण 50 टक्क्यांवर गेल्यास श्यानता सुमारे दहापट होते आणि 64 टक्क्यांच्या आसपास एकसारखे गोल कण एकमेकांत अडकून प्रवाह जवळपास थांबतो.

कणांचा आकारही महत्त्वाचा असतो. चपटे किंवा लांबट कण गोल कणांपेक्षा लवकर एकमेकांना अडवतात. म्हणूनच कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या एक टक्क्याहून कमी असल्या, तरी रेझिनमध्ये त्यांचे जाळे तयार होऊ शकते. असे रेझिन ढवळताना पातळ वाटते, पण स्थिर राहिले की दाट होते. साच्याच्या दूरच्या कोपऱ्यात, जिथे प्रवाह मंद असतो, तिथेच ही अडचण उभी राहते.

दुसरी अडचण गाळणीची आहे. कार्बन तंतूची जाडी साधारण 5 ते 7 मायक्रॉन असते आणि जुडग्यातील तंतूंमधील फटीही तितक्याच अरुंद असतात. कणांचे पुंजके झाल्यास कापडच गाळणीचे काम करते. परिणामी रेझिन शिरते त्या टोकाला कण साचतात आणि दुसऱ्या टोकाला जवळपास कणरहित रेझिन पोहोचते. एकाच भागाची ताकद मग ठिकठिकाणी निराळी होते.

यावर काही उपाय आहेत. कणांच्या पृष्ठभागावर रासायनिक लेप दिल्यास ते एकमेकांना कमी चिकटतात. मोठ्या कणांच्या पोकळ्यांत लहान कण बसतील असे मिश्रण केल्यास तेवढ्याच कणांत प्रवाह सुलभ राहतो. रेझिन तापवल्यास ते पातळ होते, परंतु त्याच उष्णतेने ते लवकर घट्टही होऊ लागते. काही वेळा कण रेझिनमध्ये न मिसळता थेट कापडावर बसवले जातात.

त्यामुळे किती कण घातल्यास ताकद वाढेल, एवढाच प्रश्न पुरेसा ठरत नाही. किती कण घातल्यावरही रेझिन शेवटच्या तंतूपर्यंत वेळेत पोहोचेल, हे आधी मोजावे लागते. पंखाची मजबुती कणांइतकीच त्या प्रवाहावरही अवलंबून असते.