चिनी सुईचा उपचार : कोठून आला, कोठवर चालतो

भाताची रोपणी संपली, की रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर कंबरदुखीच्या गोष्टी सुरू होतात. चिखलात दिवस दिवस वाकून रोप लावल्यावर दुसरे काय होणार! अलीकडे काहीजण आम्हांला हळूच विचारतात, "फादर, ते सुया टोचण्याचे चिनी औषध घेतले तर चालेल काय? धर्माला बाध येत नाही ना?" हे प्रश्न दोन आहेत, आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

प्रथम ही सुई आपल्या देशी कशी आली ते पाहू. १९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली. जखमी चिनी लोकांच्या शुश्रूषेसाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते, आणि कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. वय अवघे बत्तीस वर्षांचे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, म्हणून त्यांचे नाव आपल्याकडे घरोघरी गेले. सुईचा उपचार त्यांनीच आणला असे पुष्कळांना वाटते, पण ते तसे नाही. कोटणीस शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. सुई आणली ती बसूंनी. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तेथे ही विद्या शिकले व परत येऊन कलकत्त्यात रोगी तपासू लागले. बसू हे आधी पुरते शिकलेले डॉक्टर होते, आणि मग त्यांनी सुई हाती घेतली, हे मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे.

उपचार असा असतो. केसासारख्या बारीक, भरीव सुया अंगावरील ठरावीक जागी टोचून वीस-तीस मिनिटे तशाच ठेवतात. इंजेक्शनासारखे औषध आत जात नाही. चिनी वैद्य अशा ३६१ जागा मानतात. अंगात 'ची' नावाची शक्ती वाटांनी वाहते, ती अडली की दुखणे येते, असे त्यांचे शास्त्र सांगते. शरीर चिरून पाहणाऱ्यांना अशा वाटा कोठे सापडलेल्या नाहीत. याच वैद्यकात दवण्याच्या कुळातील वनस्पतीची वाळलेली पाने जाळून त्वचेला शेक देतात, आणि पेले लावून रक्त ओढतात. ती तर आपली तुंबडीच!

मग गुण येतो काय? जुनी कंबरदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशी यांत पुष्कळांना थोडाफार आराम पडतो. पण खोटी सुई टोचून पाहिलेल्या रोग्यांनाही बराच आराम वाटला, असे चाचण्यांत दिसून आले आहे. तेव्हा आशा बेताचीच ठेवावी. वनस्पतींचे मात्र वेगळे. थू योयो या चिनी बाईंनी दवण्याच्याच कुळातील एका झाडापासून हिवतापाचे औषध काढले व २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या ग्रंथातून त्यांना दिशा मिळाली, पण औषध ठरले ते प्रयोगशाळेत पारखल्यावर. न पारखलेल्या पुड्यांचे काय होते तेही ऐका. १९९० नंतर बेल्जियममध्ये चिनी पाला घातलेले बारीक होण्याचे औषध घेऊन अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. ती वनस्पती आपल्याकडील सापसणीच्या जातीची होती.

आता धर्माचे. सुई म्हणजे पूजा नव्हे. १६५१ साली मिखाएल बोइम नावाचे जेजुइट धर्मगुरू चीनहून रोमला जाताना आपल्या गोव्यात उतरले होते. चिनी लोकांची नाडीपरीक्षा व औषधे यांवर लिहिताना त्यांना धर्माचा अडसर वाटला नाही. बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखावयास सांगतो. कोणी सुईबरोबर मंत्र, ताईत किंवा ध्यानाचा पंथ पुढे केला, तर मात्र तेथून उठून यावे.

आमची खरी काळजी निराळीच आहे. शेतातल्या पाण्यात उतरल्यावर ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर तो उंदीरताप असू शकतो; त्याला सुई नको, त्याच दिवशी इस्पितळ गाठा. काजूच्या बागेत साप चावला तरी तेच. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. कंबर दुखून पायाला मुंग्या येत असतील किंवा लघवीचा ताबा सुटत असेल, तर थांबू नका.

जाणारच असाल तर त्या माणसाचे शिक्षण विचारा, लाजू नका. महाराष्ट्रात यासाठी २०१५ साली कायदा झाला असून केंद्र सरकारने २०१९ साली या पद्धतीला मान्यता दिली आहे, तेव्हा नोंदणी मागणे गैर नाही. सुया तुमच्या डोळ्यांदेखत नव्या पाकिटातून काढलेल्या असाव्यात; वापरलेल्या सुईने काविळीचे विष एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जाते. छातीवर खोल सुई टोचू देऊ नका, फुप्फुसाला भोक पडू शकते. पाच-सहा वेळा जाऊनही कंबर होती तशीच राहिली, तर ते पैसे पुढल्या रोपणीला दोन माणसे जास्त लावण्यासाठी ठेवा.