मंगळ तांबडा कां ?

बदलापुरास एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही मुक्कामास होतों. रात्रीं जेवणें आटोपून सर्व मंडळी गच्चीवर बसली असतां पूर्वेस मंगळ वर आला. आजींनीं त्याकडे पाहून सुस्कारा टाकला. कारण ‘मुलीस मंगळ आहे’ एवढ्यावरून थोरल्या नातीची पत्रिका त्याच दिवशीं परत आली होती. धाकट्या नातवानें विचारलें, ‘‘आजी, तो तांबडा कां ग ?’’

‘‘रागीट ग्रह तो, बाळा,’’ आजी म्हणाल्या.

या उत्तरानें आमचें समाधान झालें नाहीं. ग्रहांस, तसेंच घरांतील भांड्यांस, स्वतःचा प्रकाश नसतो. सूर्यप्रकाशांत सर्व रंग मिसळलेले असतात. वस्तु त्यांतील कांहीं गिळते, उरलेले परत धाडते. आणि परत आलेला तोच तिचा रंग. रुप्याची वाटी बहुतेक सर्व रंग सारखे परतविते, म्हणून ती पांढरी. तांब्याचें ताम्हन निळा व हिरवा गिळतें, म्हणून तें तांबूस. सोनें मुख्यत्वें निळा गिळतें, म्हणून तें पिंवळें. सोन्याचा अणु इतका जड, कीं त्याच्या गर्भाजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगानें फिरतात, व आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादांत सांगितलेले परिणाम तेथें घडून येतात. ते न घडते, तर आपलें सोनेंहि रुप्यासारखें पांढरें दिसतें !

लोखंड घासलें म्हणजे करडें. परंतु विळी रात्रभर ओली राहिली, तर सकाळीं पात्यावर तांबूस गंज दिसतो. लोह व प्राणवायु यांच्या संयोगानें तो होतो. मंगळाचा तांबडेपणा असाच. १९७६ सालीं व्हायकिंग नांवाचीं दोन यानें तेथें उतरलीं. त्यांनीं तपासलेल्या मातींत लोह विपुल आढळलें. परंपरेनें लोखंड शनीस व तांबें मंगळास दिलें आहे. प्रत्यक्षांत लोखंडावर मंगळाचाच हक्क अधिक!

अशी माती पाहण्यास मंगळावर जावयास नको. अंबरनाथचें शके ९८२ (इ. स. १०६०) चें शिवालय ज्या काळ्या दगडाचें आहे, त्या बेसॉल्टांत सुमारें दशांश भाग लोहाच्या संयुगांचा असतो. हाच दगड ऊनपावसानें युगानुयुगें झिजला, म्हणजे त्यांतील लोहास गंज चढतो. उल्हासनगरास गाडींत बसून, अंबरनाथ व बदलापूर मागें टाकून नेरळास उतरावें आणि माथेरान चढावें. तेथें पायांस लागणारी तांबडी माती अशीच झालेली आहे. मंगळाचे खडकहि बहुतांशीं याच बेसॉल्टाच्या जातीचे.

पत्रिका पाहणें न पाहणें हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. परंतु रंगावरून त्या ग्रहास क्रूर ठरविणें आतां सुशिक्षित घरांस शोभणारें नाहीं.

हें सर्व ऐकून आजी कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग थोरल्या नातीस जवळ घेऊन म्हणाल्या, ‘‘विळीचा गंज तो ! त्याच्या भयानें आम्ही पोरीला घरांत बसवून ठेवली होती म्हणायची.’’