चरबी अडवणाऱ्या चिनी वनस्पतींची परीक्षा

आहारातली चरबी आहे त्या रूपात आतड्यातून शोषली जात नाही. स्वादुपिंडातून येणारे लायपेज हे विकर तिचे रेणू तोडते, मेदाम्ले सुटी होतात आणि मग ती शरीरात शिरतात. लायपेज निकामी केले, तर चरबीचा काही भाग न पचता शौचावाटे निघून जातो. ऑर्लिस्टॅट हे औषध नेमके हेच करते. एका जिवाणूने तयार केलेल्या लिपस्टॅटिनपासून ते बनले आणि १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जेवणातली सुमारे ३० टक्के चरबी ते अडवते. मात्र तेलकट, अनावर शौचामुळे अनेकांना ते नकोसे होते.

सौम्य पर्याय शोधताना संशोधकांचे लक्ष चिनी औषधींकडे गेले. कमळाची पाने, चहा, शान्झा हे आंबट लाल फळ, शिवाय टाकळ्याच्या बिया. हा टाकळा म्हणजे पावसाळ्यात कोकणात ज्याची भाजी होते तोच. शान्झाची गोष्ट विचार करायला लावणारी आहे: चिनी परंपरेत ते मांसाहार पचावा म्हणून देतात, आणि प्रयोगशाळा त्यात पचन रोखणारा गुण शोधते.

चाचणी सोपी आहे. वनस्पतीचा अर्क डुकराच्या स्वादुपिंडातल्या लायपेजमध्ये मिसळतात आणि त्यात पॅरा-नायट्रोफेनिल ब्युटिरेट घालतात. विकराने ते तोडले की द्रावण पिवळे होते. अर्क प्रभावी असेल, तर पिवळेपणा कमी दिसतो. विकराचे निम्मे काम थांबवायला अर्क किती लागला, हे मोजून त्याची ऑर्लिस्टॅटशी तुलना करतात.

पण या आकड्यावर लगेच भरवसा ठेवता येत नाही. अनेक अर्कांतले टॅनिन कोणत्याही प्रथिनाला चिकटते, त्यामुळे ते लायपेजपुरतेच रोधक ठरत नाही. ब्युटिरेट म्हणजे काही जेवणातले तेल नव्हे, आणि परीक्षानळीत अन्नही नसते. म्हणून खऱ्या तेलावर, पित्तक्षारांसह, पुढे प्राण्यांवर आणि शेवटी माणसांवर चाचण्या व्हाव्या लागतात. बहुतेक वनस्पती या वाटेवर पहिल्या टप्प्यापलीकडे गेलेल्या नाहीत.

या सगळ्याच्या आधी वनस्पतीची ओळख पक्की हवी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्याच्या उपचारात एका चिनी मुळीऐवजी ॲरिस्टोलोकियाची विषारी मुळी वापरली गेली. शंभराच्या आसपास रुग्णांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडे बिघडली. पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. वजन घटवणाऱ्या पुडीवर घटक वनस्पतींची शास्त्रीय नावे नसतील, तर ती घेऊ नये.