इंडेक्स टाकलाय ना, मग?

क्वेरी रखडली की ऑफिसात पहिलं वाक्य ठरलेलं: ‘इंडेक्स टाक की.’ तो आधीच टाकलेला असतो. मग दुसरं: ‘सर्व्हरची रॅम वाढवा.’ पैसे खर्च होतात, रिपोर्ट उघडेपर्यंत चहा मात्र पूर्वीसारखाच पिऊन होतो.

इंडेक्स आहे म्हणजे तो वापरला जाणारच, हा सगळ्यात जुनाट गैरसमज. वापरायचा की नाही हे ऑप्टिमायझर खर्चाचा अंदाज बांधून ठरवतो. आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही पाया आहे. आणि कधीकधी आपण क्वेरीच अशी लिहितो की त्याचे हात बांधले जातात.

मायएसक्यूएलमधलं उदाहरण घ्या. ग्राहकांच्या टेबलात मोबाइल नंबर व्हारकॅर म्हणून साठवलाय, त्यावर इंडेक्सही आहे. शोधताना नंबर अवतरणचिन्हांशिवाय लिहिला गेला. एक्सप्लेन लावलं की ‘पॉसिबल कीज’खाली इंडेक्सचं नाव झळकतं, पण ‘की’खाली नल आणि ‘टाइप’खाली ऑल. म्हणजे अख्खं टेबल चाळलं जाणार. कारण आकड्याशी तुलना करायची तर रकान्यातल्या प्रत्येक मजकुराचा आधी आकडा करावा लागतो. ‘98’ आणि ‘098’ यांचा आकडा एकच, इंडेक्समधल्या जागा मात्र वेगळ्या. दोन अवतरणचिन्हं घाला, काम फत्ते. पोस्टग्रेस अशा वेळी सरळ एरर देतं. मला हा खडूसपणा आवडतो.

तारखेच्या रकान्याला इयर फंक्शन लावून 2024 शी तुलना करणं याच जातकुळीतलं. ‘1 जानेवारी 2024 पासून, 1 जानेवारी 2025 च्या आधी’ असं लिहिलं की इंडेक्स कामाला येतो. आडनावं ‘लाइक’ वापरून ‘%कर’ अशी शोधायची असतील तर साधा इंडेक्स हतबलच: अकारविल्हे लावलेल्या यादीतून शेवटी ‘कर’ असलेली आडनावं काढायला सगळी यादी वाचण्यावाचून गत्यंतर नसतं.

अर्थात प्लॅनमध्ये ‘सीक्वेन्शियल स्कॅन’ दिसला म्हणून दचकायचंही कारण नाही. टेबलातल्या बहुतेक ओळी हव्याच असतील तर सलग वाचणंच स्वस्त. पोस्टग्रेस मुळात सलग वाचलेल्या पानाचा खर्च 1 धरतं, इकडून तिकडून उचललेल्या पानाचा 4. आणि ‘होऊ दे खर्च’ म्हणून प्रत्येक रकान्यावर इंडेक्स टाकला, तर नवी ओळ भरताना ते सगळे इंडेक्सही भरावे लागतात.

काउंट स्टारपेक्षा काउंट वन वेगवान, हे मुलाखतींमध्ये अजून ऐकू येतं. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत दोन्ही सारखेच. कंसात रकान्याचं नाव घातलं तर मात्र नल गाळून मोजलं जातं. तिथे उत्तरच बदलू शकतं.

खरी गोम असते ऑप्टिमायझरच्या अंदाजात. नुसतं एक्सप्लेन अंदाज सांगतं. एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ क्वेरी प्रत्यक्ष चालवून हिशेब देतं. (पोस्टग्रेसमध्ये डिलीटवर लावाल तर ओळी खरोखर जातील, आधी बिगिन, नंतर रोलबॅक.) त्यात अंदाजित आणि प्रत्यक्ष ओळींचे आकडे शेजारी ठेवून पाहा.

समजा राज्यातल्या 358 तालुक्यांच्या प्रत्येकी 1 लाख नोंदी एका टेबलात आहेत. आपण मागितलं: जिल्हा सातारा आणि तालुका कराड. कराड साताऱ्यातच आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक, पोस्टग्रेसला नाही. ते दोन्ही अटी स्वतंत्र धरतं. साताऱ्याचे तालुके 11, म्हणून 1 लाखाला पुन्हा 358 पैकी 11 च्या प्रमाणाने कात्री लावतं आणि अंदाज येतो सुमारे 3 हजार. एवढ्या ओळींसाठी नेस्टेड लूप परवडेल असं ठरवून ते क्वेरीत जोडलेल्या दुसऱ्या टेबलात एकेक ओळ शोधायला निघतं आणि तिथे लाखभर खेपा घालतं. रॅम वाढवून हा हिशेब सुधारत नाही. आवृत्ती 10 पासून ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ देऊन हे दोन रकाने एकमेकांवर अवलंबून आहेत हे मोजायला सांगता येतं. त्यानंतर टेबलावर अ‍ॅनालाइझ चालवायला विसरू नका, नाहीतर अंदाज 3 हजारांवरच अडून बसेल.