रंग कोणत्या भांड्यात कालवावा?

दिवाळी तोंडावर आली की जालना जिल्ह्यात घरोघरी रंगाची बोलणी सुरू होतात. दुकानात आपण रंगाचा भाव विचारतो. भांडे मात्र हाताला लागेल ते घेतो. वास्तविक भांड्याची निवड हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे.

चुन्याचेच पाहा. कळीचा चुना पाण्यात टाकला की इतकी उष्णता निघते की पाणी उकळू लागते. प्लॅस्टिकची बादली अशा वेळी मऊ पडून कलंडू शकते. चुना डोळ्यात उडाला तर डोळा ताबडतोब भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुऊन डॉक्टर गाठावा. म्हणून हे काम मुलांवर सोपवू नये.

मग ॲल्युमिनियमचे जुने पातेले घ्यावे का? मुळीच नाही. या धातूवरचा ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा अल्कलीत विरघळतो, मग धातूच झिजू लागतो आणि हायड्रोजन निघतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीलाही चुना मानवत नाही. साधे लोखंडी घमेले किंवा पिंप मात्र टिकते. जालन्याच्या कारखान्यांतली सळई काँक्रीटमध्ये गंजत नाही तीही याच कारणाने: अल्कलीत लोखंडावर एक अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो. वर्गात चुन्याच्या निवळीत ॲल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा आणि एक खिळा वेगवेगळे टाकून पाहा. बुडबुडे कुठे येतात? (जवळ ज्योत नको.)

पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे गणित उलटे. त्यातल्या पाण्याने उघडे लोखंड गंजते आणि रंगाला तांबूस डाग पडतात. तिथे प्लॅस्टिकच बरे. ऑइलपेंटसाठी पत्र्याचा डबा, कारण त्यातल्या द्रावकाने काही प्लॅस्टिके फुगतात किंवा विरघळतात.

रोलर चुन्याला चालत नाही. चुन्याचे पाणी पातळ, ते रोलरवरून ठिबकते. तिथे केकताडाचा कुंचाच हवा. केसांच्या ब्रशातले प्रथिन अल्कली खाते, वनस्पतीचा तंतू तग धरतो. प्लॅस्टिक पेंट मात्र फिरत्या रोलरखाली पातळ होतो आणि भिंतीवर स्थिर होताच पुन्हा दाटतो, म्हणून ओघळत नाही. गुळगुळीत भिंतीला आखूड लवेचा रोलर, खरबरीत गिलाव्याला लांब लवेचा, म्हणजे खाचांत रंग पोचतो. रोलर थेट बादलीत बुडवू नये. उतरत्या ट्रेवर फिरवला की जादा रंग निथळतो.

राहिली रिकामी बादली. आपल्याकडे ती कोणी टाकत नाही. 2012-13 च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव आटला, तेव्हा पाणी साठवायला हाताशी येईल ते भांडे लोकांना हवेच होते. पण रंगाच्या बादलीत पिण्याचे पाणी भरू नये. रंग नासू नये, त्याला बुरशी लागू नये म्हणून घातलेली रसायने कडेला चिकटून राहतात. घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्ष भागांत 90 भागांची मर्यादा भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यांची खात्री कोण देणार? अशी बादली माती कालवायला वापरावी, आणि शाळेत असेल तर तिच्यावर ठळक अक्षरांत ‘पिण्यासाठी नाही’ असे लिहून ठेवावे.