प्रिसिजन बेस : काम एकच, पण चोख! ही बेस गिटार घेण्याआधी जमेच्या आणि उण्या बाजू समजून घ्या

यात्रा-जत्रा आणि लग्नसराई जवळ आली की गावोगावच्या ऑर्केस्ट्रा पार्ट्यांमध्ये आणि चर्चच्या गायन मंडळांत वाद्य खरेदीची चर्चा सुरू होते. कीबोर्ड झाला, ऑक्टोपॅड झाला की पुढचा नंबर बेस गिटारचा. दुकानात विचारा, नाहीतर मोबाईलवर व्हिडीओ बघा, एक नाव हमखास पुढे येतं : फेंडर कंपनीची प्रिसिजन बेस, किंवा तिच्या धर्तीवर बनवलेली 'पी बेस'.

पार्टीतल्या चार-पाच जणांनी वर्गणी काढून पैसे जमवलेले असतात. वाद्य चुकीचं आलं तर ते कोपऱ्यात धूळ खात पडतं आणि दुसऱ्यांदा वर्गणी निघत नाही. म्हणून ही गिटार नेमकी काय आहे, तिच्यात चांगलं काय आणि कमी काय, हे आधीच पाहिलेलं बरं.

बेस गिटारचं काम काय?

तबल्यात डग्ग्याचं जे काम, तेच बँडमध्ये बेस गिटारचं. ती पुढे येऊन मिरवत नाही, पण नसली की गाणं पोकळ वाटतं. तिला चार जाड तारा असतात : ई, ए, डी आणि जी. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा त्या एक सप्तक खाली लागतात. सगळ्यात जाड ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते, तर साध्या गिटारची खालची ई तार ८२ वेळा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. एवढा खालचा खर्ज मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून नीट निघतच नाही. त्यामुळे व्हिडीओवर बेसचा आवाज ऐकून निर्णय घ्यायचा असेल, तर निदान चांगला हेडफोन तरी लावा.

रेडिओ मेकॅनिकने बनवलेली गिटार

ही गिटार अमेरिकेतली. कॅलिफोर्निया राज्यातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण वाजवणाऱ्यांची अडचण त्यांना कळत होती.

त्या काळात बँडमध्ये खर्जासाठी माणसाएवढा उंच डबल बेस असायचा. गाडीतून न्यायला अवघड, आणि ड्रम सुरू झाले की त्याचा आवाज दबून जायचा. शिवाय त्याला पट्ट्या नसतात, त्यामुळे सूर अंदाजाने लावावा लागतो.

१९५१ मध्ये फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणली. सतारीला पडदे असतात तशा हिच्या दांडीवर धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट बसवल्या. बोट बरोबर फ्रेटमागे पडलं की सूर नेमका लागतो. 'प्रिसिजन' म्हणजे अचूकपणा, नाव त्यावरूनच पडलं. १९५७ मध्ये तिचा पिकअप बदलला आणि आज दिसते ते रूप तिला मिळालं.

अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरातल्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमरसन या वादकाने १९६२ सालची प्रिसिजनच वाजवली. आपल्याकडे १९७० च्या दशकात आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांनी बेस गिटारचा आवाज घराघरात नेला. आज गावच्या ऑर्केस्ट्रात तीच गाणी वाजतात, म्हणून हे वाद्य आपल्यालाही परकं नाही.

जमेच्या बाजू

*आवाज गर्दीत हरवत नाही.* प्रिसिजनचा आवाज भरीव आणि मधल्या पट्टीत ठळक असतो. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड सगळं एकदम सुरू असलं तरी बेसचा ठोका ऐकू येतो.

*गुणगुण कमी.* पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. वर स्टीलची तार हलली की खाली बारीकसा विद्युत प्रवाह तयार होतो. हिच्या पिकअपचे दोन तुकडे आहेत, एकेक तुकडा दोन-दोन तारांना. दोन्ही एकमेकांच्या उलट जोडलेले असल्याने बाहेरून आलेली विजेची गुणगुण आपोआप कापली जाते. मांडवात चोकच्या ट्यूब, जनरेटर, लायटिंगच्या माळा असतात, तिथे याचा मोठा फायदा होतो.

*बॅटरी नाही.* आत ना सर्किट बोर्ड, ना सेल. कार्यक्रमाच्या मध्येच सेल संपायची भीती नाही.

*दुरुस्ती गावात होते.* आत सामान किती? दोन पॉट (एक व्हॉल्यूम, एक टोन), एक कंडेन्सर, एक जॅक आणि पिकअप. सोल्डरिंग येणारा टीव्ही मेकॅनिक हे काम करू शकतो. दांडी चार स्क्रूने बसवलेली असते, त्यामुळे ती खराब झाली तरी अख्खी गिटार टाकावी लागत नाही.

उण्या बाजू

*आवाज एकाच जातीचा.* पिकअप एकच असल्याने टोनचं बटण फिरवून आवाज फक्त उजळ किंवा मऊ होतो, वेगळा होत नाही. ज्याला झणझणीत, वेगवेगळे आवाज हवेत त्याने फेंडरचीच जॅझ बेस बघावी. १९६० साली आलेल्या त्या गिटारला दोन पिकअप आहेत. मात्र त्यातला एकच सुरू ठेवला की गुणगुण वाढते, हेही तितकंच खरं.

*दांडी जाड.* वरच्या टोकाला प्रिसिजनची दांडी जॅझ बेसपेक्षा रुंद असते. शिवाय तारेची वाजती लांबी ३४ इंच, तर फेंडरच्या साध्या गिटारची साडेपंचवीस. लहान हाताच्या किंवा नवख्या मुलांची बोटं सुरुवातीला ताणली जातात.

*वजन.* बहुतेक गिटारी चार किलोच्या आसपास भरतात. चार तास उभं राहून वाजवायचं तर खांदा बोलायला लागतो. पट्टा रुंदच घ्या.

*एखादा सूर लवकर विझतो.* जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर इतरांपेक्षा लवकर मरतो. अनेक प्रिसिजनमध्ये ही खोड आढळते. दांडीच्या लाकडाच्या कंपनामुळे तसं होतं, बिघाड नव्हे.

*ई च्या खाली काही नाही.* नव्या गाण्यांत कीबोर्डवरून काढलेला बेस कधीकधी ई च्याही खाली जातो. तो हुबेहूब हवा असेल तर पाच तारांची गिटार लागते.

गिटार घेतली, पण खर्च तिथे थांबत नाही

अनेक पार्ट्या इथेच फसतात. बेस गिटार छोट्या गिटार अँपला किंवा घरातल्या स्पीकरला जोडून आवाज फुल्ल केला, तर स्पीकरचा पडदा फाटू शकतो. बेससाठी वेगळा अँप लागतो. सरळ मिक्सरला जोडायची असेल तर मध्ये डीआय बॉक्स लावावा, नाहीतर आवाज पातळ येतो. एकूण पैशातला काही भाग यासाठी आधीच बाजूला काढा.

अर्थिंगचं तर विसरूच नका. गिटारच्या तारा आतून अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. अँपला नीट अर्थिंग नसेल, तर हात तारेवर आणि ओठ माईकला लागताच शॉक बसू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. पिकअप गुणगुण कापतो, शॉक अडवत नाही. मांडवात वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय प्लग लावू नका.

जुनी घेताना काय तपासावं?

अमेरिकेत बनलेली नवी फेंडर लाखाच्या वर जाते. त्याच कंपनीच्या स्क्वायर या स्वस्त ब्रँडची पी बेस त्यापेक्षा बऱ्याच कमी पैशात मिळते आणि रचना तीच असते. जुनी घेताना हे बघा :

• दांडी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरा. पिळलेली असेल तर घेऊ नका. थोडी वाकलेली असेल तर आतल्या सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, सरळ होऊ शकते. पण तो नट फिरतो का ते आधी पाहा.

• मोबाईलवर ट्यूनर ॲप घ्या. तार मोकळी वाजवा, मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दोन्ही वेळी तोच सूर यायला हवा. थोडा फरक ब्रिजवरच्या स्क्रूने निघतो.

• चारही तारांवर प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवा. कुठे तार खडखडते का, फ्रेट झिजल्यात का, ते कळेल.

• बटणं फिरवा. खरखर आली तर घाबरू नका, पॉट साफ करून किंवा बदलून ती जाते. पण पिकअपमधून आवाजच येत नसेल तर किंमत पाडून मागा.

• दांडीच्या टोकावर 'फेंडर' लिहिलंय एवढ्यावर पैसे देऊ नका. नावाचं स्टिकर कोणीही लावू शकतं. जाणकार वादकाला सोबत न्या.

मग घ्यावी की नाही?

जुनी हिंदी-मराठी गाणी, भक्तिगीतं, प्रार्थनेची गाणी वाजवणारी पार्टी असेल, वाजवणारा एकच असेल आणि दुरुस्तीचं दुकान लांब असेल, तर पी बेससारखं भरवशाचं वाद्य कमी. नवी, वेगवेगळ्या धाटणीची गाणी करायची असतील, तर जॅझ बेस किंवा पाच तारांची गिटार हातात धरून बघा. आधी पार्टीत बसून आपण कुठली गाणी वाजवतो याची यादी करा आणि मगच दुकानाची पायरी चढा.